माझ्या मापाचे एप्रन

लग्नाआधीची काही वर्षं मी डोंबिवलीत एका खोलीत एकटा राहत होतो. ठाण्याच्या एका कापड गिरणीत कारकून होतो, पाळी दुपारची. आईवडील कोकणात, गावी. खाणावळीचं जेवण सोसेना, छातीत सारखी जळजळ व्हायची, म्हणून एक स्टोव्ह आणि दोन पातेली घेतली आणि हातानं शिजवून खाऊ लागलो. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. एकटे राहणारे पुष्कळ पुरुष तेव्हा स्वतःपुरता भात-आमटी करून घेत. फरक एवढाच, की बाकीच्यांना ते संकट वाटायचं आणि मला ते आवडायला लागलं. फोडणीत मोहरी तडतडली की गिरणीतला खडखडाट कानांतून निघून जायचा. ही आवड मी कुणापाशी बोललो नाही. कुणी विचारलंच तर, ‘काय करणार, पोटासाठी करावं लागतं,’ असं तोंड पाडून सांगायचो.

एप्रन हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो कल्याणला. स्वातंत्र्य मिळून थोडेच दिवस झाले होते. रेल्वे कॉलनीतली अँग्लो-इंडियन कुटुंबं एकामागून एक विलायतेला निघाली होती आणि जाताना घरातलं सामान विकून टाकत होती. गिरणीतल्या एका मित्राला वेताची खुर्ची हवी होती. त्याच्यासोबत मीही गेलो. एका बंगलीच्या व्हरांड्यात चादर पसरून कपबश्या, फ्रेमा, दिवे मांडले होते आणि घरची बाई गिऱ्हाइकांशी भाव करत होती. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला तिचा नवरा स्टोव्हवर बटाट्याचे कटलेट तळत होता. इंजिन ड्रायव्हर होता तो. उंचापुरा, भाजक्या रंगाचा, मनगटं माझ्या दंडाएवढी. आणि त्या माणसाच्या गळ्यात आणि कमरेला बांधलेलं होतं निळ्या चौकड्यांचं एक फडकं, खाली चुण्यांची झालर लावलेलं. येणारे-जाणारे त्याला बघत होते. त्याला त्याचं काहीच नव्हतं. झालरीलाच हात पुसून त्यानं मित्राची खुर्ची उचलून बाहेर ठेवली.

मी त्या फडक्याकडेच बघतोय हे त्याच्या लक्षात आलं.

“एप्रन,” तो म्हणाला. “चाहिये?”

मी घाईघाईनं नको म्हणालो. कान गरम झाले. तो हसला, गळ्यातून ते काढलं, घडी करून माझ्या हातात कोंबलं आणि म्हणाला, “लेके जाओ बाबू. उधर नया लेगा.”

परतताना मित्रानं विचारलं, “हे काय करणार तू?” मी म्हटलं, “स्टोव्ह पुसायला होईल.”

स्टोव्ह मी त्यानं कधी पुसला नाही. दार लावून, कडी घालून तो एप्रन बांधून बघितला. माझ्याकडे बऱ्यापैकी शर्ट दोनच आणि दोन्हींवर हळदीचे डाग, तेव्हा उपयोग होताच. पण नुसत्या उपयोगाची गोष्ट असती तर जुनं धोतरही चाललं असतं. पाठीमागे बंदांची गाठ आवळली की आपण काहीतरी धड काम करायला उभे राहिलो आहोत असं वाटायचं. गिरणीत दिवसभर हजेऱ्या लिहून तसं कधी वाटलं नव्हतं. मिशीवाला, तिशीला टेकलेला मी, पोटावर झालर घेऊन कांदा चिरत उभा राहायचो आणि मनात गुणगुणायचो.

मग नादच लागला. कल्याणपुढच्या निर्वासितांच्या छावणीत तेव्हा सिंधी लोकांनी बाजार मांडला होता. तिथे एक म्हातारी बाई मशीन घेऊन रस्त्यालाच बसायची आणि लष्कराच्या उरलेल्या जाड कापडातून पिशव्या शिवायची. तिला खुणा करून, जमिनीवर काडीनं आकृती काढून मी एक एप्रन शिवून घेतला. तिनं आपल्या मनानं त्याला लाल किनार लावली आणि पोटावर हातभर रुंद खिसा दिला. तिसरा एक जुन्या पडद्याचा मी स्वतः सुईनं ओबडधोबड केला. फुलाफुलांचा होता. हे सगळे ट्रंकेत तळाशी, धोतरांच्या खाली ठेवायचो. दार वाजलं की आधी एप्रन काढून गादीखाली सरकवायचा आणि मग कडी काढायची, अशी सवयच झाली होती. एकदा शेजारी साखर मागायला आले तेव्हा घाईत गाठ सुटेना, तर मी आतूनच ‘साखर संपली’ म्हणून ओरडलो. साखरेचा डबा समोर भरलेला होता.

पुढे लग्न झालं. बायको मॅट्रिक होऊन शिक्षिकेचं शिक्षण घेतलेली, ठाण्याला मुलींच्या शाळेत लागलेली. अंगानं अगदी किरकोळ, पण बोलणं स्पष्ट. आम्ही स्टेशनपासून आत, भातखाचरांच्या बाजूला एक जागा घेतली. पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघर, त्यामागे विहिरीचं छोटं अंगण.

तिला एप्रनबद्दल मी सांगितलं नव्हतं. सांगायचं तरी कसं? लग्नाला महिना झाला नसेल, जादा चादर काढायला म्हणून तिनं ट्रंक उपसली. मी गिरणीतून आलो तर ती खाटेवर बसलेली आणि समोर ते तिन्ही पसरलेले. निळा झालरीचा सगळ्यांत वर. तिचा चेहरा उतरलेला होता.

“हे कोणाचं आहे?” तिनं विचारलं.

तिच्या मनात काय आलंय ते माझ्या लक्षात यायला वेळ लागला. मी म्हटलं, “माझं.”

“खरं सांगा.”

“खरंच सांगतो. स्वयंपाक करताना मी घालतो.”

तिनं निळा एप्रन उचलून माझ्या अंगाशी धरून पाहिला. मग म्हणाली, “अहो, दुसऱ्या बाईचं असतं तर निदान रडता तरी आलं असतं. आता मी काय करू?”

आणि तिला हसू फुटलं. मलाही हसावंसं वाटलं, पण जमलं नाही.

तिची शाळा सकाळची आणि माझी पाळी दुपारची, त्यामुळे सकाळचा स्वयंपाक माझ्याकडे यावा हे ओघानंच ठरलं. ती एकला घरी यायची तेव्हा पान वाढलेलं असायचं. जेवण तिला आवडायचं, तसं ती म्हणायचीही. एप्रनला मात्र तिनं ‘तुमचं झबलं’ असं नाव ठेवलं होतं. “झबलं काढा आता, दूधवाला यायची वेळ झाली,” असं म्हणायची. तिच्या आवाजात थट्टा असे, पण तिची नजर दाराकडे असे.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण गिरणीत एकदा पांढऱ्या ड्रिलचा एक चांगला तुकडा स्वस्तात मिळाला, आणि आपल्यासाठी बेतून नीट शिवलेला एक तरी एप्रन हवा असं माझ्या मनानं घेतलं. ठाण्यात जांभळी नाक्याजवळ एक वयस्कर शिंपी होता. त्याच्याकडे गेलो. कागदावर काढलेलं चित्र दाखवलं. त्यानं चष्मा वर करून ते पाहिलं.

“कुणासाठी?”

“घरात हवाय. मंडळींसाठी,” मी म्हटलं.

“मापाला एखादा झंपर आणलाय का?”

आता झंपर कुठून आणू? मी म्हटलं, “माझंच माप घ्या. साधारण माझ्याच अंगाची आहे.”

शिंप्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मी तेव्हा चांगला साडेपाच फुटांच्या वर आणि खांद्यांनी रुंद होतो. त्यानं टेप लावली. “उंचीपण एवढीच?”

“एवढीच.”

“म्हणजे वहिनी चांगल्या खणखणीत आहेत,” तो आदरानं म्हणाला आणि आकडे लिहून घेतले.

एप्रन सुरेख झाला. खांद्यावर दुहेरी शिवण, कमरेला रुंद बंद, पुढे खिसा. मी खुशीत होतो. पुढे दोनेक महिन्यांनी शाळेतून येताना बायको झंपर शिवायला टाकण्यासाठी नेमकी त्याच शिंप्याकडे गेली. बिल कुणाच्या नावावर लिहू, असं त्यानं विचारलं, तेव्हा तिनं माझं नाव सांगितलं. शिंपी मशीन थांबवून उठून उभा राहिला.

“तुम्ही? त्यांच्या मंडळी तुम्ही?” त्यानं टेपकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “अरे देवा! वहिनी, केवढी प्रकृती उतरली तुमची! काय आजार झाला होता?”

तिला क्षणात सगळा उलगडा झाला. दुकानात आणखी दोन बायका होत्या. खरं सांगावं तर नवऱ्याची अब्रू जाते, न सांगावं तर समोर शिंपी डोळ्यांत पाणी आणून उभा.

“टायफॉइड,” ती म्हणाली.

हे तिनं मला घरी येऊन सांगितलं ते हसत नाही सांगितलं. पर्स खुंटीला अडकवली, पाणी प्यायली आणि म्हणाली, “त्या म्हाताऱ्यानं मला बसायला स्टूल दिलं. चहा मागवला. दूध घेत जा म्हणाला. आणि मी तो चहा प्यायले. मला इतकं ओशाळं आयुष्यात कधी वाटलं नाही.”

मी म्हटलं, “मी जाऊन सांगतो त्याला.”

“काय सांगणार? की ते तुमच्यासाठी होतं? त्यापेक्षा माझा टायफॉइड बरा.”

त्यानंतर तिनं तो रस्ताच सोडला. शाळेतून स्टेशनवर यायला लांबून वळसा घालायची. एकदा तरीही तो शिंपी तिला भाजीबाजारात भेटलाच आणि ‘अजून अंग धरत नाही हो’ म्हणून हळहळला. मीही तिकडे जायचं टाळू लागलो. इतक्या भल्या माणसाला आम्ही दोघांनी मिळून फसवलं होतं, आणि कशापायी, तर एका फडक्यापायी.

मग आली त्या वर्षीची संक्रांत. शाळेतल्या सगळ्या शिक्षिकांना तिनं हळदीकुंकवाला बोलावलं. नवी नोकरी, नवा संसार, सगळ्याजणी ठाण्याहून मुद्दाम येणार होत्या. मला तिनं आधीच सांगून ठेवलं होतं, “फराळाचं तुम्ही करा, तुमच्यासारखं मला जमणार नाही. पण चारच्या आत घराबाहेर पडा. आणि कृपा करून ती झबली कुठेतरी दडवा.”

सुट्टीचा दिवस होता. मी तिळाच्या वड्या केल्या, दडपे पोहे कालवले, मसाला दूध आटवायला ठेवलं. अंगात गंजी, कमरेला पंचा आणि वर तो पांढरा एप्रन. दूध आटलं की एप्रन काढायचा, पुढच्या खोलीत जाऊन शर्ट-पॅंट चढवायची आणि सटकायचं असा बेत होता. बाकीचे तिन्ही एप्रन स्वयंपाकघराच्या दाराआडच्या खुंटीवर होते, ते जाताना ट्रंकेत टाकणार होतो. पण बायकांना आधीची गाडी मिळाली. साडेतीनलाच पुढच्या दाराशी बांगड्यांचा आणि हसण्याचा आवाज आला. बायको धावत आत आली, मला पाहिलं, हात जोडले आणि मागच्या दाराकडे बोट केलं. मी बाहेर झालो. तिनं मागून दार ओढून घेतलं.

अंगणात येऊन उभा राहिलो तेव्हा लक्षात आलं की जायला वाटच नाही. अंगणातून रस्त्यावर जाणारी बोळ घराच्या कडेनं, पुढच्या खोलीच्या खिडकीखालून जात होती, आणि त्या खिडकीशी बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. शर्ट-पॅंट त्याच खोलीत. एप्रन काढला तर अंगावर गंजी आणि गुडघ्यापर्यंतचा पंचा. एप्रन ठेवावा तर एप्रन. त्यातल्या त्यात तो अंग झाकत होता, म्हणून ठेवला आणि विहिरीच्या आडोशाला जाऊन उभा राहिलो.

थोड्या वेळानं मागचं दार उघडलं. मला वाटलं, बायको शर्ट घेऊन आली. पण दारात उभ्या होत्या तिच्या शाळेच्या मोठ्या बाई.

त्यांना मी एकदाच पाहिलं होतं, शाळेच्या संमेलनात. पन्नाशीच्या, पांढरं पातळ, मोकळं कपाळ. लहानपणीच वैधव्य आलेलं, मग शिकून मुख्याध्यापिका झालेल्या. त्यांना सगळ्या बिचकून असत. माझ्या बायकोनं सगळ्यांना बोलावलं त्यात त्यांनाही बोलावून टाकलं होतं, आणि बोलावल्यावर तिच्या ध्यानात आलं होतं की हे हळदीकुंकू आहे. त्या येणार नाहीत असं तिला वाटलं होतं. त्या आल्या.

मला पाहून त्या थबकल्या. मी हात जोडले. एप्रनच्या पुढे हात जोडलेले, खाली उघड्या पोटऱ्या. जमीन दुभंगेल तर बरं असं लोक का म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं.

“आत कुंकू लावणं चाललंय,” त्या म्हणाल्या. “माझ्यापाशी येऊन मुली घुटमळायला लागल्या. म्हटलं, तेवढा वेळ जरा बाहेर हवेला उभं राहावं.”

“हो, हो,” मी म्हटलं.

“तुम्ही का बाहेर?”

त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. खांद्यापासून खालपर्यंत. मग विहिरीच्या काठावर बसल्या आणि दुसरीकडे, खाचरांकडे बघत म्हणाल्या, “शिवण चांगली आहे.”

“ठाण्याला शिवला,” मी म्हणालो.

स्वयंपाकघराची खिडकी अंगणावर उघडायची. आतून ताटल्यांचा आवाज आला आणि मग एक तरुण आवाज, “अगं बाई, हे बघा काय! एप्रन! केवढे एप्रन आहेत तुमच्याकडे!”

मी डोळे मिटले. दाराआडची खुंटी!

“तुम्ही घालता?” दुसऱ्या कुणीतरी विचारलं.

“हो ना,” माझ्या बायकोचा आवाज. “पातळं खराब होतात.”

“घालून दाखवा की! आम्ही कधी बघितला नाही कुणी घातलेला.”

ती नको-नको म्हणत होती. पण पाचसहाजणींनी मिळून घातला असावा, कारण लगेच हसण्याचा लोट आला. “अय्या, पायघोळ झाला!” “दोन तुम्ही मावाल यात!” “बंद दोनदा फिरले बघा कमरेभोवती!” आणि मग त्यातली एक खट्याळ शिक्षिका म्हणाली, “मापावरून तर वाटतंय, यजमानांसाठीच शिवलाय!”

त्यावर आत जे हसू उसळलं ते आजही मला ऐकू येतं. कुणाला तरी ठसका लागला. कुणी म्हणालं, “मिशा आणि झालर!” त्यांना यापेक्षा मोठी गंमत सुचलीच नसती. आणि त्या हसण्यात बायकोचं हसणं मला वेगळं ओळखू आलं. ते जरा मागाहून सुरू झालं आणि सगळ्यांच्या आधी थांबलं.

मी विहिरीच्या रहाटाकडे बघत होतो. मान वर करायची हिंमत नव्हती. मोठ्या बाईंनी सगळं ऐकलं होतं, त्यांना सगळं कळलं होतं. मी एप्रनच्या खिशात हात घातला. बाहेर पडल्यावर खायला म्हणून चार वड्या कागदात बांधून ठेवल्या होत्या. त्या पुढे केल्या.

त्यांनी एक घेतली. सावकाश खाल्ली.

“तुम्हीच केल्यात,” त्या म्हणाल्या. विचारलं नाही.

“हो.”

“मऊ आहेत. माझे दात आता कडक काही मानत नाहीत.” त्यांनी आणखी एक घेतली. “आमच्या घरी माझे वडील लाडू वळायचे. आईपेक्षा चांगले. आम्ही कुणाला सांगत नसू.”

एवढ्यात आतून कुणी तरी ‘मोठ्या बाई कुठे गेल्या’ म्हणून विचारलं. त्या चटकन उठल्या, पदर सारखा केला आणि दार अर्धंच उघडून आपण आत शिरल्या. पाठीनं दार झाकत त्यांनी ते लावून घेतलं, म्हणजे आतल्यांना मी दिसू नये. “कुंकू झालं का सगळ्यांना?” असं त्यांनी मोठ्यानं विचारलेलं मी ऐकलं, आणि आतलं हसू एकदम थांबलं.

संध्याकाळी सगळ्या गेल्यावर बायकोनं मागचं दार उघडलं. मी पायरीवर बसलो होतो. ती शेजारी येऊन बसली.

“तुम्ही ऐकलंत?”

“ऐकलं.”

“मला हसावं लागलं.”

“कळलं मला. त्यात काय.”

“त्यात काय असं म्हणू नका,” ती म्हणाली. “मला तुमची लाज वाटते, हे खरं आहे. खोटं कशाला बोलू? पण आज त्या सगळ्या हसल्या आणि मी त्यांच्यात हसले, तेव्हा त्याहून जास्त माझी वाटली.”

मग मी तिला मोठ्या बाई बाहेर आल्याचं सांगितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. त्या बाहेर का गेल्या तेही तिला आताच कळत होतं. गडबडीत तिनं पाहिलंच नव्हतं. आपण बोलावलेल्या बाई आपल्या मागच्या अंगणात उभ्या राहिल्या आणि तिथे त्यांना गंजीतला नवरा भेटला, या दोन गोष्टींतलं कशाचं अधिक वाईट वाटून घ्यावं हे तिला ठरवता येईना. त्या दिवशी आम्ही दोघंही नीट जेवलो नाही. मी चारही एप्रन घडी करून ट्रंकेत घातले आणि दुसऱ्या दिवसापासून खांद्यावर जुना टॉवेल टाकून स्वयंपाक करू लागलो.

रोज शाळेत जाताना तिला धास्ती असायची. मोठ्या बाई आज काही बोलतील, उद्या बोलतील. त्या काहीच बोलल्या नाहीत. शिक्षिकांच्या खोलीत एप्रनचा विषय निघाला, माझ्या बायकोच्या पायघोळ ध्यानाची नक्कल झाली, तेव्हा त्या तिथेच वह्या तपासत बसल्या होत्या, मान वर न करता. असे कितीतरी दिवस गेले. मग एकदा मधल्या सुट्टीत, सगळ्यांच्या देखत, त्यांनी तिला विचारलं, “तुमच्या घरच्या त्या तिळाच्या वड्या. त्या इतक्या मऊ कशा होतात हो?”

बायकोनं नंतर मला सांगितलं, ओठांवर आलेलं ‘मी’ तिनं गिळलं. तिला ते माहीतच नव्हतं. काहीतरी ठोकून देता आलं असतं.

“विचारून सांगते,” ती म्हणाली.

सगळ्याजणी तिच्याकडे बघायला लागल्या. “कुणाला विचारून?” त्या खट्याळ बाईनं विचारलं.

“ह्यांना.”

कुणी हसलं नाही. मोठ्या बाई नुसत्या म्हणाल्या, “हो, विचारा सावकाश,” आणि उठून वर्गावर गेल्या.

घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा तिचे कान अजून लाल होते. मी आनंदून जाईन असं तिला वाटलं असावं. मला तर घाम फुटला. आता ठाण्यातल्या अख्ख्या शाळेला कळलं होतं. आणि ते बोलण्यासाठी तिला किती बळ लावावं लागलं असेल, ते मला त्या लाल कानांवरून दिसत होतं. ज्या गोष्टीसाठी बायकोला बळ लावावं लागतं असली आवड आपल्याला असावीच का, असं मनात आलं.

“चिकीचा गूळ घ्यायचा नाही, साधा घ्यायचा,” मी खाली मान घालून म्हटलं. “आणि पाक होऊ द्यायचा नाही. गूळ विरघळून फेस आला की लगेच उतरवायचा.”

तिनं ते दोनदा म्हणवून घेतलं. मग ट्रंक उघडली, निळा एप्रन काढून माझ्या मांडीवर टाकला.

“तो टॉवेल घेऊन तुम्ही स्मशानातून आल्यासारखे दिसता,” ती म्हणाली. “हे घाला. पण मला थोडा वेळ द्या. एकदम सगळ्या गावासमोर माझ्यानं व्हायचं नाही.”

त्या रविवारी तिनं स्वयंपाकघराच्या खिडकीला जाड कापडाचा पडदा शिवला. ती जागा आम्ही सोडली तोवर, पुढची कितीतरी वर्षं, मी त्या पडद्याआड स्वयंपाक केला. सकाळी स्टोव्ह पेटवायच्या आधी पडदा ओढायचा आणि आत कंदील लावायचा. ती शाळेत निघाली की दारातूनच एकदा खिडकीकडे बघून जायची. मधूनमधून तिला वाटायचं, आता काढावा. एकदा तिनं अर्धा सरकवलाही. मग विहिरीवर कुणाची तरी कळशी वाजली आणि आम्ही दोघांनीही एकाच वेळी हात पुढे केला.

आमच्या शेजारच्या काकू त्या विहिरीवर पाणी भरत. त्यांनी एका सुट्टीच्या दिवशी तिला विचारलंच, “काय गं, तुझ्या स्वयंपाकघराला दिवसाढवळ्या पडदा कशाला?”

“ऊन येतं, काकू,” बायको म्हणाली.

खिडकी उत्तरेला होती. काकूंनी खिडकीकडे पाहिलं, वर आभाळाकडे पाहिलं आणि कळशी कमरेवर घेतली. मी आत डाव हातात धरून उभा होतो. तोंड तापलं होतं. मागे आमटी उतू जाऊन स्टोव्ह विझला, तेही मला वासावरूनच कळलं.